ह्याच्यात पाणी रवतला?

फेब्रुवारीतल्या एका रात्री मी मातीचा एक छोटा गडू घेऊन घरी आले, तेव्हा आई पडवीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. तिनं गडू हातात घेतला, आत डोकावून पाहिलं, उलटा करून बूड पाहिलं आणि टिचकी मारली. आवाज तिला काही पटला नसावा.

"ह्याच्यात पाणी रवतला?"

"नाय. पाझरतला."

"मगे मीठ-बीठ?"

"खाण्याचा काय ठेवूचा नाय ह्याच्यात."

"मगे ह्याचा करूचा काय?"

मी दमले होते. केसांना धुराचा वास येत होता, उजव्या मनगटावर एक लाल चट्टा उठला होता आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले एका फुटक्या वाडग्याचे दोन तुकडे होते, ते अजून तिला दाखवायचेच होते. उत्तर न देता मी आंघोळीला गेले.

28 वर्षं मी मुंबईतल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर आईसाठी गावी आले. मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून समुद्राच्या अंगाला आमचं घर. दिवसाचं काम आटपलं की उरलेल्या वेळाचं करायचं काय, हा प्रश्न मलाही होताच. अशात वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला: राकू शिका, दोन रविवार. राकू हे मला आधी कुणाचं तरी लाडाचं नाव वाटलं. मग खाली भट्टीचा फोटो दिसला, हा मातीची भांडी भाजायचा एक प्रकार आहे हे कळलं आणि मी नाव नोंदवलं. फी किती ते आईला सांगितलं नाही.

शिकवणारी ताई पुण्याची. सहा-सात वर्षांपूर्वी इथे जागा घेऊन राहिलेली, सुरूच्या बनाला लागून तिचं घर आणि मागे पत्र्याची शेड. आम्ही आठ जण. कोल्हापूरचे एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको, कुडाळचा एक कॉलेजातला मुलगा, मुंबईच्या दोन आर्किटेक्ट मैत्रिणी, आमच्याच पंचक्रोशीतले चित्रकलेचे गुरुजी, एक कुणाशी फारसं न बोलणारे काका आणि मी. पहिल्या पंधरा मिनिटांतच ताईनं नियम सांगितला: जो कोणी गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारल्याची गोष्ट सांगेल, त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. दिवसभरात डॉक्टरांनी दोनदा चहा केला.

माती पोत्यांतून गुजरातेतून आलेली. त्यात भाजलेल्या मातीचा खरखरीत चुरा मिसळलेला होता. त्या चुऱ्यामुळे मातीचा पोत मोकळा राहतो आणि भांडं तापमानाचा धक्का सोसतं. आपले कुंभार राख, लीद, भुसा घालतात, त्याच्याच जातीची ही युक्ती. चाक नव्हतंच. लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातावर घ्यायचा, मधोमध अंगठा घालायचा आणि फिरवत फिरवत कड वर न्यायची. ताई हे समजावत असताना डॉक्टरांच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसलो. ही तर उकडीच्या मोदकाची पारी! ज्यांचे हात पाऱ्यांना सरावलेले होते त्यांचे वाडगे भराभर उठले. मुंबईच्या दोघी तेवढ्यात भूमिती शोधत बसल्या होत्या.

माझी पारी लहानपणापासून बुडाला जाड राहते. कड पातळ, पाकळ्या सुबक, पण खाली उकडीचा गोळा. आई दर गणपतीत हे सांगते. मातीतही तेच झालं. ताईनं बूड चिमटीत धरून म्हटलं, "इथे अजून काढा." मी थोडं काढलं, बरंचसं राहिलं. माणूस चाळीस वर्षांत सुधारला नाही तो एका रविवारात काय सुधारणार.

मी दोन वस्तू केल्या, एक वाडगा आणि एक गडू. दोन्ही शेडमध्ये सावलीत वाळायला ठेवून आलो. पुढच्या तीन आठवड्यांत ताईनं ती विजेच्या भट्टीत हळूहळू, साडेनऊशे अंशांपर्यंत, एकदा भाजून घेतली.

दुसऱ्या रविवारी दुपारी जमलो तेव्हा ती फिकट, कोरडी, तहानलेली भांडी मांडून ठेवलेली. ह्या पहिल्या भाजणीनंतरचं भांडं जिभेला लावलं की चिकटतं, इतकं ते पाणी ओढून घेतं. अबोल काकांनी ते करून पाहिलं आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलले: "कौलासारखं." खरंच होतं. लहानपणी शाकारणीच्या दिवसांत उतरवून ठेवलेल्या नळ्यांना आम्ही अशीच जीभ लावायचो.

नळे म्हणजे अर्धगोल देशी कौलं. आमच्या जुन्या घरावर तीच होती. शेजारच्या वाडीतला कुंभार चाकावर निमुळतं नळकांडं काढायचा आणि ओलं असतानाच त्याचे उभे दोन भाग करायचा. दोन नळे झाले. वाळले की आवा लागायचा. गवत, शेणी, लाकडं, वर खापरं आणि माती. रात्रभर धुमसायचा. आणि मग सगळ्यात कठीण भाग, तो आपोआप निवेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आम्ही पोरं दोन-दोन दिवस घिरट्या घालायचो, कुंभारीण हाकलून द्यायची. गरम आवा उघडला की नळे तडकणार, हे आम्हाला पाढ्यांइतकं पाठ होतं. पुढे मंगळुरी कौलं आली आणि नळे गेले. बाझल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला होता, आमच्या छपरापर्यंत त्याची लाट पोचायला शंभरावर वर्षं लागली इतकंच.

हे सगळं मी चहाच्या वेळी सांगितलं तर ताई म्हणाली, मग तुम्हाला राकूची गोष्ट आवडेल, तीही कौलांपासूनच सुरू होते.

जपानात क्योतोला सोळाव्या शतकात चोजिरो नावाचा कारागीर होता. काम कौलांचं. त्याच्या हातची, साल कोरलेली एक वस्तू आजही आहे, 1574 मधला छपरावर बसवायचा मातीचा सिंह. चहाच्या विधीचा मोठा आचार्य सेन नो रिक्यू ह्यानं ह्या कौलवाल्याकडून चहाचे वाडगे करून घेतले. चाकावर न काढलेले, हातानं घडवलेले, काळे नाहीतर लाल, वर एकही फूल-पान नाही. त्या काळचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याला सोन्याची हौस, त्याची चहाची खोलीसुद्धा सोन्यानं मढवलेली. त्याच्याच पदरी असलेला रिक्यू हे काळे वाडगे पुढे ठेवत होता. 1591 मध्ये हिदेयोशीच्या हुकमावरून रिक्यूला स्वतःचं पोट चिरून मरावं लागलं. कारणं बरीच सांगतात. वाडगे मात्र टिकले. चोजिरोनंतरच्या पिढ्यांनी राकू हेच घराण्याचं नाव लावलं. ज्या अक्षरानं ते लिहितात त्याचा अर्थ सुख, निवांतपणा. आज त्या घराण्याची सोळावी पिढी काम करते आहे.

त्यांचा काळा वाडगा भट्टी पेटलेली असतानाच चिमट्यानं बाहेर काढतात आणि उघड्यावर निवू देतात. बस, एवढंच. धूर नाही, भुसा नाही. आम्ही त्या संध्याकाळी जे करणार होतो ते जपानी कमी आणि अमेरिकन जास्त होतं. 1960 च्या सुमारास पॉल सोल्डनर नावाच्या अमेरिकन कुंभारानं एका मेळाव्यात राकू करून दाखवलं. निघालेली भांडी त्याला काही आवडेनात, म्हणून त्यानं तापलेलं भांडं जवळच्या झाडाच्या पानांत लोळवलं. धुरानं मातीवर जी जादू केली ती पाहून पुढे जगभर राकू म्हणजे हेच झालं.

मला इथे जरा खटकलं, आणि अजून खटकतं. चोजिरोचा वाडगा चहा प्यायला होता. जाडसर, सच्छिद्र, कमी आचेवर भाजलेला, त्यामुळे आत कढत चहा असला तरी बाहेरून ओंजळीत धरता येतो. ते भांडं हाताला आणि ओठाला कळणारं होतं. आमच्या ह्या नव्या राकूत भांड्यावरचा काचेसारखा मुलामा बारीक तडकलेला, त्यात तांब्याची भुकटी, त्यामुळे ना पाणी ठेवता येत ना खाण्याची वस्तू. म्हणजे भांड्यातून भांडं काढून घेतलं आणि रंग तेवढा ठेवला. हे मी बोलून दाखवलं तर आर्किटेक्टांपैकी एक म्हणाली, "मॅडम, सगळ्याला उपयोग कशाला हवा?" ती आमच्या आईला भेटलेली नव्हती.

भट्टी म्हणजे 200 लिटरचा पत्र्याचा ड्रम. आतून चार बोटं जाडीचं पांढरं, कापसासारखं दिसणारं सिरॅमिक फायबरचं अस्तर. खाली भोक पाडून बर्नर, शेजारी हॉटेलात असतो तसला 19 किलोचा सिलिंडर. ठरल्याप्रमाणे चारला पेटवायची होती, पण समुद्रावरून वारा सुटला आणि ज्योत एका बाजूला झोपायला लागली. मग सगळं लटांबर उचलून जांभ्याच्या गडग्याच्या आडोशाला आणलं. त्यात तासभर गेला. कुडाळच्या मुलाला पॉलिस्टरची जर्सी उतरवायला लावली, आम्हा बायकांच्या ओढण्या काढून घेतल्या, सगळ्यांना बूट घालायला लावले. मला गुरुजींचे बूट मिळाले, दोन नंबर मोठे.

मुलामा लावायचं काम तोवर उरकलं होतं. तांब्याचं संयुग घातलेलं ते मिश्रण ताकात कोथिंबीर वाटून घातल्यासारखं दिसत होतं. ह्यातून रंग निघणार यावर विश्वास ठेवणं कठीण.

बर्नरचा आवाज रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्यावर येतो तसा, फक्त दसपट. तापमानाच्या डबीवर आकडे चढत होते. 400. 500. 573 ला मी मनातल्या मनात थांबले. वाळूतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना ह्या तापमानाला बदलते, ते एकदम फुगतात, आणि उतरताना तितकेच एकदम आकसतात. पुस्तकातला हा आकडा समोर चढताना बघून उगाच ओळखीचं माणूस दिसल्यासारखं झालं. नऊशेच्या पुढे ताईनं आम्हाला एकेक करून वरच्या भोकातून बघायला सांगितलं. आत सगळं नारिंगी. भांडी आणि भट्टी वेगळी ओळखू येईनात. मुलामा आधी पिठल्यासारखा बुडबुडत होता, मग हळूहळू बसला आणि अंगणात पाणी मारल्यावर लादी चकाकते तसा चकाकू लागला. "झालं," ताई म्हणाली. बर्नर बंद. एकाएकी समुद्राचा आवाज ऐकू आला. तो मघापासून होताच.

सूर्य बुडाला होता, अंधार अजून पडायचा होता. ताईनं ड्रम उचलला, कातडी हातमोजे घालून लांब सांडशीनं पहिलं भांडं धरलं. ते माझा वाडगा होता.

मी शाळेत कितीदा तापवलेला लोखंडाचा खिळा दाखवला असेल. पण स्वतःच्या बोटांचे ठसे असलेली वस्तू आतून दिवा लावल्यासारखी उजळून हवेत तरंगत येताना बघणं वेगळंच. ताईनं तो क्षणभर वाऱ्यात धरला, मुलामा तडकावा म्हणून. बारीक आवाज सुरू झाले, टिण्, टिण्, बर्फाच्या ट्रेवर पाणी ओतलं की येतात तसे. कड नारिंगीची लाल झाली, लालची काळपट. बूड तसंच पेटलेलं. मला कळलं काय होणार ते. पातळ कड निवून आकसते आहे, जाड बूड अजून फुगलेलंच आहे. गरम चहानं जाड काचेचा पेला फुटतो त्याच धड्यातलं गणित, फक्त उलटं. ओरडायला तोंड उघडलं आणि ठक्. वाडगा सरळ रेषेत दुभंगला, अर्धा सांडशीत राहिला, अर्धा वाळूत पडला.

कुणी काही बोललं नाही. मग अबोल काका म्हणाले, "बूड." हे त्यांचं त्या दिवसातलं दुसरं वाक्य.

हळहळायला वेळ नव्हता, कारण भट्टीत अजून सात भांडी निवत होती. पंधरा किलोचे तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकात तळाला भाताचा तूस, वर सुरूच्या वाळक्या काड्या आणि काजूचा पातेरा. भांडं आत पडलं की भक्कन जाळ उठायचा, पुरुषभर. लगेच मूठभर पातेरा वरून, लगेच झाकण, आणि झाकणाच्या कडेनं ओलं किंतान दाबून धरायचं. प्रत्येकानं आपापल्या डब्याचं किंतान धरायचं होतं. माझा गडू आत गेला, मी किंतान दाबलं आणि कडेनं पिवळट, जाड, डोळ्यांत घुसणारा धूर यायला लागला. वास थेट भाजावळीचा. उन्हाळ्यात तरव्याची जमीन भाजायला टाळ-पातेरा पेटवतात तेव्हा सगळ्या गावावर बसतो तो वास. आई दुसऱ्या दिवशी म्हणालीच, "पैसे दिवन पातेरो जाळूक गेल्लंस?"

त्या डब्यावर वाकून बसलेली असताना मला एक गोष्ट आठवली आणि हसू आलं. ऑक्सिडीकरण आणि क्षपण. दरवर्षी फळ्यावर तेच समीकरण: तापवलेल्या काळ्या कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन सोडला की ऑक्सिजन निघून जातो आणि लालसर तांबं उरतं. दोन गुणांचा प्रश्न. आमच्या प्रयोगशाळेत हायड्रोजनची सोय नव्हती, त्यामुळे 28 वर्षांत मी हे एकदाही करून दाखवलं नाही. मुलं पाठ करायची, मी बरोबरची खूण करायचे. आणि आता माझ्या हाताखाली, तेलाच्या डब्यात, तेच चाललं होतं. आतला जाळ हवेसाठी तडफडतो आहे, झाकणामुळे बाहेरची हवा मिळत नाही, मग अर्धवट जळालेले वायू मुलाम्यातल्या तांब्याच्या संयुगातून ऑक्सिजन ओरबाडून घेत आहेत. क्षपण हा शब्द इतकी वर्षं कोरडाच होता. त्याला धूर असतो, धग असते, हे मला साठीत कळलं.

हा विचार करता करता किंतान एका बाजूनं घसरलं. बोटभर फट. ती बुजवायला गेले तेव्हाच मनगटाला डब्याची कड लागली. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ असेल.

वीस मिनिटांनी डबे उघडले. आत काळे गोळे. बादलीत बुडवताना फुस्स आवाज, मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासायला बसलो, अगदी घरात कढई घासतात तसं. काजळी निघत गेली तसे रंग वर आले. डॉक्टरांचा पांढरा वाडगा काळ्या बारीक रेघांच्या जाळीनं भरलेला, मुलाम्याच्या चिरांत कार्बन शिरला की हे होतं. गुरुजींची थाळी मोरपंखी. माझा गडू एका अंगानं तांब्याचा, नुसता लखलखीत तांब्याचा, आणि दुसऱ्या अंगाला हिरवा. किंतान घसरलं होतं त्या बाजूला हवा शिरली, तिथे तांबं पुन्हा ऑक्साइड झालं. दोन्हींच्या मधे जांभळी सीमारेषा. ताई म्हणाली, मुद्दाम करायचं म्हटलं तर जमणार नाही. मी त्या फटीबद्दल काही बोलले नाही.

तर हा तो गडू, ज्याच्याबद्दल आईनं विचारलं, ह्याचा करूचा काय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडग्याचे तुकडेही दाखवले. तिनं जोडून पाहिले, बोटानं जाडी चाचपली. "बूड जाड ठेवलंस. मोदकाक पण तसाच करतंस." आणि मोठा तुकडा घेऊन ती आत गेली. संध्याकाळी बघते तर दारात त्याच तुकड्यात चुलीतले चार निखारे, वर धूप आणि कडुलिंबाचा पाला. डासांना धुरी. तो अर्धा वाडगा हातात सुरेख बसत होता, जाड बुडामुळे चटका लागत नव्हता. साडेनऊशे अंश पाहून आलेल्या मातीला चार निखाऱ्यांचं काय. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तीच खापरी निघते.

गडू कपाटावर बसला. येणारे-जाणारे बघायचे, "किती मस्त," म्हणायचे. जून आला. आमच्याकडे पावसात कपड्यांना, चपलांना, पुस्तकांना बुरशी येते. गडूला बुरशी आली नाही, पण तांब्याचा रंग उतरत चालला. आधी तपकिरी झाला, मग कडेकडेनं हिरवट. ताईनं सांगितलंच होतं, मुलाम्यावरचा तांब्याचा तो पापुद्रा हवेशी पुन्हा जुळवून घेतो. त्यावर लाखेचा हात द्या म्हणाली होती, मी आळस केला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी आई गडूकडे बघत म्हणाली, "काळो पडलो."

"तांबा आसा त्याच्यात. हवेन काळा पडता."

"तांबा आसा? मगे चिंचेन घास."

मी तिला समजावायला लागले की हे कळशीसारखं नुसतं तांबं नाही, काचेसारख्या मुलाम्यातलं आहे, वगैरे. ती ऐकत होती. मी दूध बघायला आत गेले आणि परत आले तेव्हा तिच्या बोटांना चिंचेचा कोळ आणि मीठ लागलेलं होतं. आम्ल तांब्यावरचं ऑक्साइड विरघळवतं, हा पुढचाच धडा, तिनं तो सत्तर वर्षं देवाच्या भांड्यांवर केलेला. गडूच्या पोटावर दोन बोटं रुंदीचा पट्टा उमटला होता. तो तांब्याचा नव्हता आणि हिरवाही नव्हता. राखाडी, निस्तेज, काही म्हणता काही नाही.

आईनं गडू उजेडाकडे धरून पाहिला. मग पदरानं पुसून जागेवर ठेवला, पट्टा भिंतीकडे वळवून.

"ताईक विचार काय लावूचा ता," ती म्हणाली. "पण त्या खापरीक काय लावू नको हां. ती बरी आसा."